शिबिरात सापडलेला पेशंट पुढच्या महिन्यात कुठं जातो?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या आरोग्य शिबिराची बातमी आली, फोटोसकट. एवढ्या लोकांची बीपी-शुगर तपासली, एवढे नवीन पेशंट सापडले, मान्यवर, शाल, नारळ. बातमी चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी ३२ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधाच्या खिडकीमागं बसलेय, २०२२ ला रिटायर झाले, त्यामुळं अशी बातमी वाचली की माझ्या मनात पहिलं येतं ते हेच, की हे जे सापडले ते पुढच्या महिन्यात गोळ्या घ्यायला कुठं जाणार, आणि नाही गेले तर कुणाला कळणार का.

माझ्या पदाचं नाव औषध निर्माण अधिकारी. निर्माण काही करत नव्हते, रॅकवरनं काढून देत होते, लोक आपले सरळ 'गोळ्यावाल्या बाई' म्हणायचे आणि तेच जास्त बरोबर होतं. पण या खिडकीतनं जे दिसतं ते डॉक्टरांच्या टेबलावरनं दिसत नाही. आत डॉक्टर विचारतात, गोळ्या रोज घेता का, पेशंट म्हणतो हो साहेब. तोच माणूस पाच मिनिटांनी माझ्यासमोर खिशातनं मागच्या महिन्याची पट्टी काढतो आणि तिच्यात अजून अर्ध्या गोळ्या असतात. "बाई, जरा डोकं जड वाटलं की घेतो, रोज कशाला पोटात औषध." डॉक्टरांशी खोटं बोलायचं म्हणून कुणी बोलत नाही हो, आत मागं तीस जणांची लाईन असते, तिथं एवढं सगळं कोण सांगत बसणार.

आता मूळ दुखणं. वरच्या एका वाडीवरनं एक आजी यायच्या, बीपी आणि शुगर दोन्ही. सकाळची एसटी पकडून नऊला केंद्रात, केसपेपर, डॉक्टर, मग माझी खिडकी, आणि साडेबाराची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर. एवढं करून मी त्यांच्या हातात किती गोळ्या ठेवायची? स्टॉक असला तर महिन्याच्या. नसला तर दहा दिवसाच्या, आणि एकदा तर पाच दिवसाच्या दिल्यात मी, अजून आठवलं की कसंतरी होतं. आजी काही बोलल्या नाहीत, पदराच्या टोकाला पुडी बांधली आणि म्हणाल्या, "मंग परत पाच दिसानी येऊ व्हय?" त्या पाच दिवसांनी आल्या नाहीत. दोन महिन्यांनी आल्या, सुनेला घेऊन, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. मी असं म्हणत नाही की माझ्या पाच गोळ्यांमुळंच झालं, पण खिडकीच्या अलीकडं बसलेल्या माणसाला असं काहीतरी लक्षात राहतं. आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांना फुकट आहे, ऑगस्ट २०२३ पासनं आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरचे पैसेही नाहीत, सगळं चांगलंच झालं. पण दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, आणि सोबत आलेल्या सुनेचीही बुडते.

लोक म्हणतात सरकारी दवाखान्यात औषधं नसतात म्हणजे कुणीतरी खाल्ली. खाणारे असतील नसतील, मला जे पक्कं माहितीय ते सांगते, कारण ते कुठं छापून आलेलं मी वाचलेलं नाही. दरवर्षी आम्ही वार्षिक मागणी वर पाठवायचो. ती कशावरनं काढायची? मागच्या वर्षी किती गोळ्या वाटल्या त्यावरनं, थोडे टक्के वाढवून. आता मागच्या वर्षी चार महिने बीपीचं औषध अ‍ॅम्लोडिपिन आलंच नसेल तर वाटप आपोआप कमी दिसणार, कमी वाटप म्हणजे कमी गरज असं कागद म्हणणार, आणि पुढच्या वर्षी आणखी कमी येणार. तुटवडाच तुटवड्याला जन्म देतो. मी एका वर्षी हट्टानं पेशंट मोजून मागणी काढली, बीपीचे ४०० पेशंट रजिस्टरला, रोज एक गोळी, महिन्याला १२,०००, वर्षाला १,४४,०००, आणि तीन महिन्यांचा राखीव साठा ३६,०००. वरनं फोन आला, "मॅडम एक शून्य जास्त पडलंय का बघा." शून्य जास्त पडलेलं नव्हतं. तोपर्यंत कुणी माणसं मोजलीच नव्हती, पट्ट्या मोजत होते.

आणि ४०० हा आकडाही खरा तर फार कमी. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली सपाटीच्या भागात साधारण ३०,००० वस्ती धरतात, डोंगरी भागात २०,०००. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो मोठा अभ्यास २०२३ ला आला त्यात देशातल्या मोठ्या माणसांपैकी ३५.५ टक्के लोकांना बीपी आणि ११.४ टक्के लोकांना शुगर निघाली. गावाकडं प्रमाण कमी धरा, अगदी निम्मं धरा, तरी एका केंद्राखाली बीपीवाले हजारांत जातात. म्हणजे रजिस्टरला ४०० आहेत याचा अर्थ बाकीचे एकतर खाजगीत जातायत, नाहीतर त्यांना माहीतच नाही, नाहीतर माहीत असून घरी बसलेत. तिसऱ्या गटातले जास्त असावेत असं मला वाटतं, कारण मी स्वतः त्यातली होते.

हो, स्वतः. २०१६ साली मला बीपी निघालं, गोळी सुरू केली, दोन महिन्यांनी मस्त वाटायला लागलं म्हणून बंद केली. रोज शंभर लोकांना 'गोळी बंद करू नका' म्हणणारी बाई. चार महिन्यांनी आमच्याच सिस्टरनी गंमत म्हणून पट्टा बांधला तर १७६/१०४, आणि मला काही म्हणजे काही होत नव्हतं, डोकं नाही दुखत, चक्कर नाही. सिस्टर माझ्याकडं अशा बघत होत्या की काय सांगू. तेव्हापासनं मी पेशंटवर चिडायची बंद झाले. ज्या आजारात दुखत नाही त्याची गोळी रोज घ्यायला माणसाला कुणीतरी आठवण करावी लागते, मला त्या सिस्टर रोज विचारायच्या म्हणून माझी चालू राहिली.

सगळं वाईटच आहे असं नाही, चांगलं होतं हे मी डोळ्यानं बघितलंय. २०१८ च्या सुमाराला केंद्र सरकार, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना वगैरेंनी मिळून उच्च रक्तदाबाचा कार्यक्रम आणला, पहिल्यांदा पाच राज्यांतल्या २६ जिल्ह्यांत, त्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्यात अवघड असं काही नव्हतं. कुठल्या गोळीनं सुरुवात करायची ते ठरलेलं, म्हणजे आधी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्यानं प्रेशर उतरलं नाही तर टेल्मिसार्टन, मग डोस वाढवायचा, मग क्लोरथॅलिडॉन. डॉक्टर बदलले की औषधं बदलायची जी पद्धत होती ती थांबली. दोन-तीनच औषधं लागतात म्हटल्यावर ती भरपूर मागवता येतात. प्रत्येकाला कार्ड, महिन्याच्या गोळ्या, डिजिटल बीपी मशीन, आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन. नवीन म्हणावं असं यात काय होतं तर हा फोन. पहिल्यांदा कुणीतरी न आलेल्या माणसांची यादी करत होतं! आम्ही सगळी नोकरी आलेल्यांची मोजदाद करण्यात घालवली. २०२२ ला या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांकडनं बक्षीस मिळालं आणि ते योग्यच होतं, पण त्यानंतर कुठल्या केंद्रात ती फोनची यादी चालू आहे आणि कुठल्या केंद्रात कपाटात गेली हे तुमच्यासारख्या पेपरनं बघायला पाहिजे.

माझ्या खिडकीची अजून एक गोष्ट सांगते, ती छोटी वाटेल. कंत्राट बदललं की गोळीचा रंग बदलतो. आधीच्या लॉटला पांढरी, पुढच्या लॉटला फिकट गुलाबी, औषध तेच. आणि पट्टी कापून दिली की नाव लिहिलेला तुकडा बऱ्याचदा माझ्याकडंच राहतो, पेशंटकडं नुसते चंदेरी चौकोन. एक तात्या पांढरी संपली नव्हती म्हणून पांढरी पण आणि नवीन आलेली गुलाबी पण अशा दोन्ही घेत होते, पंधरा दिवस, शेवटी गोठ्यात चक्कर येऊन पडले. तेव्हापासनं मी कागदी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायला लागले, सकाळची सूर्य, रात्रीची चंद्र, आणि रंग बदलला की तोंडानं तीनदा सांगायचं, 'जुनीच आहे, कपडे बदललेत फक्त.' हसायचे लोक पण लक्षात राहायचं. असल्या गोष्टीला कुठला जीआर लागत नाही, खिडकीवर एका पेशंटमागं दीड मिनिट जास्त लागतं, आणि तेवढं दीड मिनिट मिळायला खिडकीवर दुसरा माणूस लागतो, जो कधीच भरला जात नाही.

फिरतीवरच्या लोकांचं तर विचारूच नका. दिवाळी झाली की बीड, नगरकडनं ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या कारखान्यांवर येतात, पाच-सहा महिने कोपीत राहतात. एक बाई आली होती, पन्नाशीची, गावाकडं शुगर निघालेली, कार्ड गावाकडच्या पेटीत. गोळ्या कुठल्या? "एक लांबडी पांढरी अन् एक बारकी." पहाटे तीनला फडात जायचं, एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, ती ओपीडीच्या वेळेत येणार कधी? आमचा नियम असा की पहिले नोंदणी, मग तपासणी, मग गोळ्या. नियम चूक नाही, पण तो एका जागी राहणाऱ्या माणसासाठी लिहिलाय. आणि आमच्या बाजूनं बघाल तर पाटण, जावळीकडची निम्मी कर्ती माणसं मुंबई-नवी मुंबईला, गावच्या जत्रेला येतात तेव्हा बीपी सापडतं आणि चार दिवसांनी ती गाडीत बसतात. अशांना निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला आणि गावचं कार्ड राज्यात कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालवायला काय हरकत आहे? आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदींची डिजिटल कार्डं, काढून घेतली सगळ्यांची, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

शुगरचं बीपीपेक्षा जास्त किचकट आहे. बीपीला पट्टा बांधला की कळतं (तोही नीट बांधला तर, आमच्याकडं थंडीत स्वेटरवरनं बांधतात, पेशंट जिना चढून धापा टाकत आलेला असतो, बांधता बांधता त्याच्याशी गप्पा, आणि मग आकडा वाढला की गोळी वाढवतात. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकवा, हात छातीच्या उंचीवर, बोलू नका, एवढं तर फुकट आहे). शुगरला मात्र बोटातनं थेंब काढून आजची शुगर कळते, आणि पेशंट तारखेच्या आदल्या दिवशी गोड बंद करून येतो, परीक्षेला आल्यासारखा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट हवी, तिचं रक्त बाहेर पाठवायला लागतं आणि रिपोर्टचा मेसेज नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. मोबाईल नंबर कुणाचा असतो? पुण्यात कंपनीत असलेल्या पोराचा. पोरगं मेसेज बघतं, त्याला ८.९ म्हणजे शुगर बरीच वाढलीय हे कळत नाही, आणि आईला फोनवर विचारतं, बरी आहेस ना. ती म्हणते बरीय. संपलं.

आणि पाय. एवढ्या वर्षांत आत डॉक्टरांनी पेशंटला चप्पल काढायला सांगितलेलं मी फार कमी वेळा बघितलंय. आमच्या एका सिस्टर मात्र रांगेतच विचारायच्या, "मामा, चालता चालता चप्पल पायातनं निसटते आणि कळत नाही असं होतं का?" हो म्हणाला की तो माणूस वेगळा काढायच्या. पायाची जाणीव गेलेली ओळखायला याच्यापेक्षा सोपा प्रश्न मला माहीत नाही. एका शेतकऱ्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, त्याला पत्ताच नाही, आठ दिवसांनी घरात वास यायला लागला म्हणून आला. अंगठा गेला त्याचा. वर्षातनं एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, पाय, एवढ्या तीन गोष्टी कार्डावर ठळक छापून त्यासमोर तारखा टाकल्या तरी खूप झालं. बारीक माणसाला शुगर होत नाही हा एक गैरसमज आमच्याकडं ठाण मांडून बसलाय, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले शुगरचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं सांगतायत की आपली माणसं दिसायला बारीक आणि आतनं चरबीची, पण शिबिरात अजून पोट सुटलेल्यालाच आधी बोलावतात.

आता पैशाचं. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार मोफत झाले, अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होतं, कितीतरी घरं वाचली त्यानं, मी नावं ठेवत नाही. पण ज्या गोळीनं तो अ‍ॅटॅक किंवा ते डायलिसिस लांबलं असतं ती गोळी सरकारला घाऊकमधे काही पैशांना पडते, आणि तीच नेमकी 'संपली, पुढच्या आठवड्यात या' होते. तोवर मेडिकलमधनं घ्या म्हणावं तर चार दिवस घेतात, मग मुलाची फी येते, कांद्याचा भाव पडतो, आणि पहिली कात्री म्हाताऱ्याच्या गोळ्यांना.

तामिळनाडूनं ऑगस्ट २०२१ पासनं बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली, कृष्णगिरी जिल्ह्यातनं. आपल्याला घरपोच जमेल न जमेल, पण उपकेंद्रापर्यंत तर जमेल. आता उपकेंद्रांवर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आशाताई घरोघर फिरून भरतायत. म्हणजे माणूस आहे, इमारत आहे, यादी आहे. ज्याचं बीपी दोन महिने कंट्रोलमधे आहे त्यानं डॉक्टरांकडं एसटीनं यायचं कशाला, उपकेंद्रातच सीएचओनी मोजावं आणि दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, तीन-चार महिन्यांनी एकदा डॉक्टर. पण आज सीएचओचा निम्मा दिवस पोर्टलवर एंट्री करण्यात जातो, रेंज नसली की माणूस डोंगरावर जाऊन मोबाईल वर धरतो, आणि आशाताईला यादीतला माणूस आला का नाही हे कुणी सांगतच नाही, तिला फक्त फॉर्म किती झाले ते विचारतात. मे २०२३ मधे केंद्र सरकारनं जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत ७.५ कोटी बीपी-शुगरवाल्यांना उपचाराखाली आणायचं. उपचाराखाली आणणं म्हणजे नाव चढवणं असेल तर ते होतं हो, आमचे लोक नाव चढवण्यात हुशार आहेत. चढवलेल्यांतल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं तो आकडा आरोग्य केंद्राच्या बाहेर फळ्यावर लिहायला लावा, दर महिन्याला, लसीकरणाचा लिहितात तसा.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण, तुमचे वार्ताहर शिबिराला जातातच. दरवर्षी १७ मे ला बीपीचा दिवस, १४ नोव्हेंबरला शुगरचा, तेव्हा तर नक्की जातात. पुढच्या वेळी फोटो काढून झाला की त्यांना दोनच गोष्टी विचारायला सांगा. मागच्या वर्षीच्या शिबिरात जे सापडले त्यातले गेल्या महिन्यात किती जण गोळ्या घेऊन गेले. आणि आज, या मिनिटाला, खिडकीत अ‍ॅम्लोडिपिन आणि शुगरचं मेटफॉर्मिन किती दिवसांचं आहे. दुसऱ्याचं उत्तर साहेबांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं. खिडकीत जी बसलीय तिला विचारा, ती रजिस्टर न उघडता सांगेल.

आपली,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी,
सातारा जिल्हा